गाडीचा इन्शुरन्स: फर्स्ट पार्टी, आयडीव्ही, झिरो डेप, एनसीबी वगैरे, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी रिन्युअलचा मेसेज आला की घरातले, ऑफिसातले, सोसायटीतले सगळे मला एकच विचारतात, "सगळ्यात स्वस्त कुठे मिळतोय?" माझं म्हणणं एवढंच की प्रीमियमचा आकडा शेवटी बघा, आधी हे बघा की क्लेमच्या वेळी कंपनी कुठल्या शब्दाखाली तुमचे पैसे कापणार आहे. खालचं सगळं भारतातल्या खाजगी कारबद्दल आहे, म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटवाल्या. टॅक्सी, टेम्पो, ट्रकचे नियम वेगळे.

फर्स्ट पार्टी, थर्ड पार्टी म्हणजे नक्की कोण? आणि सेकंड पार्टी कुठे गेली?

फर्स्ट पार्टी म्हणजे तुम्ही, सेकंड पार्टी म्हणजे इन्शुरन्स कंपनी, आणि थर्ड पार्टी म्हणजे या दोघांना सोडून रस्त्यावरचा कुणीही ज्याला तुमच्या गाडीमुळे लागलं किंवा ज्याचं नुकसान झालं. आपल्याकडे एजंटपासून गॅरेजवाल्यापर्यंत सगळे "फर्स्ट पार्टी काढलाय" म्हणतात पण पॉलिसीच्या कागदावर हा शब्द शोधलात तर सापडणार नाही, तिथे पॅकेज किंवा कॉम्प्रिहेन्सिव्ह असं लिहिलेलं असतं. त्यात दोन भाग असतात, एक थर्ड पार्टी आणि दुसरा ओन डॅमेज म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, ज्याला सगळे ओडी म्हणतात. हे दोन भाग डोक्यात वेगळे ठेवले तर पुढचं सगळं सोपं जातं.

थर्ड पार्टी कंपल्सरी आहे का खरंच?

हो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, परत सापडलात तर ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. पण खरी भीती दंडाची नाहीये. विमा नसताना तुमच्या गाडीखाली कुणी दगावलं तर भरपाई तुमच्या खिशातून, घर विकून द्यावी लागेल अशी रक्कम असू शकते.

थर्ड पार्टीत किती रकमेपर्यंत भरपाई मिळते?

माणूस दगावला किंवा जखमी झाला तर वरची मर्यादा नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी रक्कम ठरवेल ती कंपनी देते. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान, म्हणजे कुणाची गाडी, दुकानाचं शटर, कंपाउंडची भिंत, याला मात्र साडेसात लाखांची मर्यादा. यातसुद्धा एक बारीक गोम आहे, थोडा प्रीमियम कमी करून ही मर्यादा फक्त ६,००० रुपयांवर आणायची सोय असते, तेव्हा पॉलिसीत टीपीपीडी (थर्ड पार्टी प्रॉपर्टी डॅमेज) समोर काय आकडा आहे तो एकदा वाचा. सहा हजारात आजकाल बंपरसुद्धा येत नाही.

थर्ड पार्टी आहे म्हणजे गाडीत बसलेले पण कव्हर झाले ना?

इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल, जिला ऍक्ट ओन्ली म्हणतात, तर खाजगी कारमध्ये तुमच्यासोबत बसलेला मित्र, मावशी, शेजारी यांची जबाबदारी कंपनीवर येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलेलं आहे. पॅकेज पॉलिसी असेल तर येते. म्हणजे जुनी गाडी आहे, किंमत काही उरली नाही, थर्ड पार्टी बास झाला असं म्हणून आपण दरवेळी पाच जण भरून देवदर्शनाला निघतो तेव्हा गाडीची किंमत हा मुद्दाच नसतो. मी स्वतः बारा वर्षांच्या गाडीला याच कारणासाठी पॅकेज घेतो, एजंट हसतो, हसू दे.

थर्ड पार्टीचा रेट सगळ्या कंपन्यांचा सारखाच का?

कारण तो कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ आणि १५०० च्या वर ७,८९७, वर जीएसटी. इलेक्ट्रिक गाड्यांचे दर सीसीऐवजी किलोवॅटवर आणि थोडे कमी. त्यामुळे कुणी "आमच्याकडे थर्ड पार्टीत डिस्काउंट" म्हणालं तर सावध व्हा. घासाघीस करायची ती ओडीत. ओडीचा रेट गाडीचं वय, सीसी, किंमत आणि रजिस्ट्रेशन कुठलं आहे यावर ठरतो, मुंबई पुण्याची गाडी झोन ए मध्ये, बाकी महाराष्ट्र झोन बी.

शोरूमवाल्याने तीन वर्षांचा इन्शुरन्स दिलाय, मग दुसऱ्या वर्षी परत कशाला?

हा सगळ्यात मोठा सापळा. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. ओडी मात्र साधारण एकच वर्षाचा असतो. कागद एकच, त्यावर तारखा दोन. लोक खालची तारीख बघतात, अजून दोन वर्षं आहेत म्हणून निवांत राहतात आणि तेराव्या महिन्यात गाडी खांबाला घासली की कळतं स्वतःच्या गाडीचं कव्हर कधीच संपलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी नुसता ओडी घेता येतो, स्टँडअलोन ओडी म्हणतात, आणि तो दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी चालतो, शोरूमच्याच कंपनीकडे जायचं काही बंधन नाही.

आयडीव्ही म्हणजे गाडीची रिसेल किंमत का?

जवळपास, पण नाही. गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर कंपनी जास्तीत जास्त किती देईल तो आकडा म्हणजे आयडीव्ही. त्या मॉडेलची एक्स शोरूम किंमत घ्यायची आणि वयाप्रमाणे कापायचं: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. पाचच्या पुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायचं. म्हणजे दहा लाखांची गाडी साडेतीन वर्षांची झाली की सहा लाख. आरटीओचा टॅक्स वगैरे यात धरत नाहीत.

आता गंमत अशी की ऑनलाइन कोट काढताना जो सगळ्यात स्वस्त दिसतो त्याने बऱ्याचदा आयडीव्ही गुपचूप खाली आणलेला असतो. हजार रुपये वाचले म्हणून आपण खूश आणि गाडी चोरीला गेली की साठ हजार कमी हातात. दोन कोट शेजारी ठेवायचे असतील तर आयडीव्ही सारखा करूनच ठेवा.

आणि रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. सहा लाख आयडीव्ही असेल तर साडेचार लाखांच्या वर. गाडीवर लोन असेल तर ते पैसे आधी बँकेकडे जातात, उरले तर तुमच्याकडे.

झिरो डेप घ्यावं का? एजंट फार मागे लागलाय

या बाबतीत एजंटचं ऐका. साध्या पॉलिसीत नवीन पार्ट टाकला तरी कंपनी जुन्या पार्टचे पैसे देते असं समजा, या कपातीला डेप्रिसिएशन म्हणतात, आणि ती न कापणारं जादा कव्हर म्हणजे झिरो डेप. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी, एअरबॅग यावर सरसकट ५० टक्के कापतात, फायबरवर ३०, काचेवर काही नाही, आणि पत्र्याच्या, लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे. आजकालच्या गाडीत पुढून बघाल तर अर्धं प्लास्टिकच आहे, तिथेच सगळा घोळ होतो.

साडेतीन वर्षांची गाडी पुढून ठोकली असं धरू, जीएसटी बाजूला ठेवू. बंपर ९,०००, बॉनेट ८,०००, पुढची काच ६,०००, पेंटिंग ६,०००, लेबर ४,००० आणि क्लिपा, नटबोल्ट, ऑइल, कूलंट असलं किरकोळ १,०००. बिल ३४,०००. साध्या पॉलिसीत बंपरचे ४,५०० मिळतील, बॉनेटचे २५ टक्के कापून ६,०००, काचेचे पूर्ण, पेंटिंगमध्ये बिलाचा पाव हिस्सा मटेरियल धरून त्याचे अर्धे कापतात म्हणजे ५,२५०, लेबर पूर्ण, किरकोळचे शून्य. झाले २५,७५०. त्यातून आणखी १,००० कंपल्सरी कपात. हातात २४,७५०, खिशातून ९,२५०. झिरो डेप असतं तर खिशातून फक्त २,०००.

फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. वर्षात किती क्लेमना झिरो डेप लागू आहे, कारण बऱ्याच ठिकाणी दोनच असतात. आणि गाडी पाच वर्षांची झाल्यावर पुढे देणार का, काही कंपन्या देतात, काही नाही. बंपर टू बंपर हे याचंच टोपणनाव, पण नावावर जाऊ नका, टायर फुटला आणि बाकी गाडीला काहीच झालं नाही तर त्या नुसत्या टायरचे पैसे साध्या पॉलिसीत पण नाहीत आणि झिरो डेपमध्येही नाहीत.

कंपल्सरी आणि व्हॉलंटरी डिडक्टिबल?

कंपल्सरी म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही भरायचीच रक्कम, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्याच्या वर २,०००. व्हॉलंटरी म्हणजे "याच्यावर अजून इतके मी भरीन" असं तुम्ही आपणहून कबूल करता आणि बदल्यात ओडीत सूट मिळते. टॅरिफच्या हिशोबाने १५,००० व्हॉलंटरी घेतलं तरी सूट जास्तीत जास्त २,५००. अडीच हजारासाठी पंधरा हजार गळ्यात, मला तरी हा व्यवहार कधी पटला नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये हा खोका कधी कधी आधीच टिक केलेला असतो, तो काढा.

नो क्लेम बोनस (एनसीबी) कसा मोजतात? छोटा क्लेम करू का नको?

एक वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०, त्याच्या पुढे वाढत नाही. ही सूट फक्त ओडीच्या प्रीमियमवर, थर्ड पार्टीवर नाही. एक क्लेम केला की परत शून्य.

आता हिशोब करा. बोनस न धरता ओडी ९,००० आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांवर आहात, म्हणजे दरवर्षी ४,५०० वाचतायत. क्लेम केला की पुढच्या वर्षी ४,५०० गेले, त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० म्हणून २,७००, मग २,२५०, मग १,३५०, मग ४५०. मिळून ११,२५०. गाडी जुनी होईल तसा ओडी उतरतो म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी, पण अंदाज आला असेल. पार्किंगमध्ये दरवाजाला ओरखडा आलाय, डेंटिंग पेंटिंगचे पाच हजार, तर गल्लीतल्या पेंटरकडे जा आणि विसरून जा.

अजून एक, बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं लेटर मागून घ्या, तीन वर्षं चालतं, नव्या गाडीला लावता येतं. लोक ५० टक्के बोनस असाच सोडून देतात आणि वर शोरूममध्ये हजार रुपयांच्या मॅटसाठी भांडतात. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू नाही केली तर मात्र बोनस गेलाच. आणि क्लेम झालेला असताना "नाही झाला" असं लिहून बोनस घेऊ नका, कंपन्या एकमेकींना विचारतात आणि नंतरचा क्लेम अडकतो.

पावसात गाडी पाण्यात बुडाली, मिळतात का पैसे?

पूर, वादळ, दरड कोसळणं, भूकंप, आग, दंगल हे सगळं पॅकेज पॉलिसीच्या ओडीत येतं. नुसत्या थर्ड पार्टीत यातलं काहीही नाही. सीट, कार्पेट, वायरिंग याचे पैसे मिळतात, डेप्रिसिएशन कापून.

भांडण होतं ते इंजिनावर. पाण्यात उभी असलेली गाडी स्टार्ट केली की पाणी आत ओढलं जातं, पाणी दाबलं जात नाही त्यामुळे पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. कंपनी म्हणते नुकसान पुराने नाही झालं, तुम्ही चावी फिरवली म्हणून झालं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत पाणी ओसरल्यावर माझ्या मेव्हण्याने नेमकं हेच केलं, बिचाऱ्याला वाटलं सुरू होतेय का बघू, दोनदा सेल मारला आणि संपलं. इंजिनाचे दीड लाख घरातून, बाकीच्या क्लेमचे चार महिने हेलपाटे. कंपनीचं नाव नाही घेत, नियम तोच सगळ्यांचा.

यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं ऍडऑन, म्हणजे वर पैसे भरून घ्यायचं जादा कव्हर, असतं. मुंबई, ठाणे, कोल्हापूर, सांगली, चिपळूण, जिथे पाणी भरतं तिथे राहत असाल तर घ्याच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, त्या दिवशी सकाळी घरून निघताना कुणाला वाटलं होतं का. आणि ऍडऑन असलं तरी बुडलेली गाडी स्टार्ट करू नका, आधी फोटो काढा, कंपनीला कळवा, टो करून न्या.

बाकीची ऍडऑन?

रिटर्न टू इनव्हॉइस: चोरी किंवा टोटल लॉस झाला तर आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत, नव्या आणि लोनच्या गाडीला चांगलं. कन्झ्युमेबल्स: वरच्या उदाहरणातले ते किरकोळ १,०००. रोडसाइड असिस्टन्स: स्वस्त असतं, पण नव्या गाडीला कंपनीकडून फुकट मिळतंय का आधी बघा. एनसीबी प्रोटेक्ट: क्लेम केला तरी बोनस राहतो, ४५-५० टक्क्यांवर पोचल्यावर विचार करा, आधी नाही. चावी हरवल्याचं कव्हर: महागड्या सेन्सर चावीला ठीक.

पॉलिसीत १५ लाखांचं पर्सनल ऍक्सिडेंट दिसतंय, ते काय?

मालक स्वतः गाडी चालवताना दगावला किंवा कायमचा अपंग झाला तर घरच्यांना मिळणारी रक्कम. हे कंपल्सरी आहे, पण दोन गाड्या असतील तर दोनदा घ्यायची गरज नाही, आणि १५ लाखांची वेगळी अपघात पॉलिसी आधीच असेल तर तसं लिहून देऊन हे काढता येतं. नॉमिनीचं नाव तेवढं नीट टाका.

कॅशलेस म्हणजे एक रुपया पण द्यायचा नाही ना?

नाही हो. कॅशलेस म्हणजे कंपनी तिचा वाटा थेट गॅरेजला देते, तुमचा वाटा तुम्हाला गाडी सोडवताना भरायचाच. आणि तो गॅरेज कंपनीच्या यादीत असायला हवा. सर्व्हेअर येऊन बघून गेल्याशिवाय गाडी उघडू देऊ नका. विमा नियामकाच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि कंपनीने पुढच्या ७ दिवसांत निर्णय, हे आकडे लक्षात ठेवा, फोनवर म्हणून दाखवले की आवाज बदलतो.

क्लेम कशामुळे रिजेक्ट होतो?

दारू पिऊन चालवली, लायसन नाही, किंवा पांढऱ्या प्लेटच्या गाडीत भाड्याने पॅसेंजर भरले, ही नेहमीची तीन. चौथं म्हणजे बाहेरून बसवलेला सीएनजी किट जो ना आरसीवर चढवलाय ना पॉलिसीत. किटचे चाळीस पन्नास हजार घालताना लोक मागे पुढे बघत नाहीत आणि आरटीओत खेटा नको म्हणून ते कागद तसेच राहतात. पाचवं, उशिरा कळवणं. पीयूसी नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, तसं सांगून कुणी घाबरवत असेल तर ऐकू नका. पीयूसी मात्र काढा, त्याचा दंड वेगळा आहे.

गाडी चोरीला गेली तर?

लगेच एफआयआर, लगेच कंपनीला फोन, आरटीओला पत्र. पोलिसांना तपास लागला नाही की ते कोर्टात ए समरी रिपोर्ट देतात, तो हातात आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत आणि त्याला महिने लागतात. कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी कुठे आहे ते आत्ताच, हे वाचता वाचता, उठून बघा.

सेकंड हँड गाडी घेतली, आधीच्या मालकाची पॉलिसी चालेल का?

थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येतो असं कायदा म्हणतो, पण ओडी येत नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, फरकाचे पैसे भरावे लागतात. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी त्याच्या नावावर असं ठेवून फिरणारे भरपूर आहेत, ओडीचा क्लेम त्यांच्यापैकी कुणाचाच सहज होत नाही.

कंपनी दाद देत नाही, कुठे जाऊ?

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. महिनाभर उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, वर्षभराच्या आत जायचं. नाहीतर ग्राहक आयोग. तोंडी नाही म्हणालेलं धरू नका, रिजेक्शन नेहमी कागदावर मागा आणि पॉलिसीतलं कुठलं कलम ते लिहून घ्या.

गाडी घेऊन गोव्याला चाललोय, पॉलिसी चालते ना?

गोव्याला काय, आख्ख्या भारतात चालते. नेपाळ, भूतानला नेणार असाल तर मात्र निघायच्या आधी कंपनीकडून थोडे पैसे भरून तसं पॉलिसीत चढवून घ्या, बॉर्डर ओलांडल्यावर फोन करून उपयोग नाही.